न जोडलेला डबा

धाकट्या भावाच्या लग्नाच्या दिवशीच अरुंधतीबाईंचा घसा बसला. बारा वाजता तळेगावात मुहूर्त, आणि नवरदेवामागे कऱ्हा घेऊन उभं राहायचं ते करवलीने, म्हणजे सख्ख्या बहिणीने. थोरल्या भावाच्या लग्नाला बाई नवऱ्यापोरांसह पोचल्या तेव्हा पंगत उठत होती आणि चुलतबहीण नंदा कऱ्हा मिरवून मोकळी झाली होती. ते दुःख बाईंना तीन वर्षं डाचत होतं. आज पुन्हा लोणावळ्याच्या त्याच घरातून दोन कार्टी बाहेर काढायची, आणि तीही न ओरडता! शैलाची एक चप्पल सापडत नव्हती, चिंतू पलंगाखालून हलत नव्हता.

बाईंनी खुंटीवरची शिट्टी आणि हिरवा बावटा घेतला. यजमान दिगंबरपंत रेल्वेत गार्ड होते; आज रजेवर. फुर्रर्र! शैला लगेच इंजिन झाली, चिंतू तिच्या परकराचं टोक धरून डबा झाला आणि गाडी झुकझुक करत अंगणाबाहेर पडली. चप्पलसुद्धा सापडली.

"व्हा पुढे, मी आलोच," दिगंबरपंत आरशासमोरून म्हणाले. हा माणूस दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडी. त्याचं स्वतःचं 'आलोच' मात्र अर्धा तास चाले. खापर फुटे बिचाऱ्या पोरांवर.

स्टेशनात पुण्याकडची गाडी उभीच होती. पण पोरं डब्याच्या दारात अडली.

"सिग्नल नाही!" शैला म्हणाली.

बाईंनी पुन्हा शिट्टी फुंकली, बावटा हलवला. पोरं चढली, मागोमाग बाई चढल्या, आणि गाडीही सुटली. ड्रायव्हरला बावटा दिसला होता. कोणाचा, हे त्याने विचारलं नाही. खरा गार्ड चहाची बशी टाकून धावला आणि कसाबसा लटकला.

एवढ्यात फलाटावर दिगंबरपंत आहेराची पिशवी घेऊन पळत आले. बाईंनी हाक मारायला तोंड उघडलं, पण नुसती हवा निघाली. मग त्यांनी जिवाच्या आकांताने हात हलवला. हातात बावटा होता, हिरवा. ड्रायव्हरने वेग वाढवला.

बारा वाजता कऱ्हा अरुंधतीबाईंच्या हातात होता. नंदा मागे उभी होती. बाईंना इतका आनंद झाला की अक्षता टाकायच्याच राहिल्या.

दिगंबरपंत पोचले तेव्हा पंगत उठत होती.

"अगं, थांबवायची तरी गाडी!"

बाईंनी गळ्याकडे बोट दाखवलं. चिंतूच्या तोंडात लाडू होता, तरी तो बोललाच.

"अप्पा, तुमचा डबा जोडलेलाच नव्हता!"