पापणीवरचा पिवळा चट्टा

मी सरस्वतीबाईंच्या डाव्या पापणीवरचा पिवळा चट्टा बोलतोय. या घराण्यावर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी कुणाचं वाईट करायला आलो नव्हतो, आत चाललेलं वाईट बाहेर दाखवायला आलो होतो. पण खटकचिंचोळीतल्या बायका कौतुकानं म्हणायच्या, "लक्ष्मीनं बोट टेकलंय." बाईंनाही ते खरंच वाटायचं.

त्यांच्या वडिलांच्या, गुंडेरावांच्या, दोन्ही पापण्यांवर माझी भावंडं होती. चाळिशी नुकतीच ओलांडली होती, तेव्हा एका दुपारी शेतातून येऊन ओसरीवर टेकले, छाती धरली आणि गेले. गावानं दृष्ट लागल्याचं ठरवलं. खरी गोष्ट वेगळी होती. रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलणं हे यकृताचं काम, आणि या घरातल्या काहींच्या यकृताला जन्मापासूनच निम्मे हात. न उचललेली चरबी थोडी कातडीखाली साठते, पापणीवर माझ्यासारखी, टाचांमागं गाठींसारखी, बाकीची हृदयाच्या रक्तवाहिन्यांत. तिथला थर फाटला, की रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद.

हे कळलं एकट्या मुकुंदरावांना. बाईंचे हे धाकटे भाऊ बीदरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. त्यांनी हैदराबादला स्वतःचं आणि मुलीचं, मालतीचं, रक्त तपासून घेतलं. दोघांतही तेच निघालं. आणि मालतीला तर ती पाळण्यात असतानाच आत्यानं आपल्या मुलासाठी, अच्युतसाठी, मागून ठेवलं होतं. भावाच्या पोरीवर बहिणीचा पहिला हक्क. आमच्याकडे त्यावर कुणी वाद घालत नाही.

मुकुंदरावांनी घातला.

"अक्का, आधी अच्युतचं रक्त बघू. दोघांच्यातबी हे असलं, तर चारातलं एखादं लेकरू शाळेच्या वयातच छाती धरील."

"माझ्या वंशाला नावं ठेवायलास?"

"तुझा-माझा वंश एकच हाय."

"मग आडवा कामून यायलास? सरळ सांग की, हैदराबादचा जावई पाहिजे म्हणून!"

मुकुंदराव तपासणीचा कागद पुन्हा वाचू लागले. त्यांना आपल्याच ज्ञानाची शंका फार. तपासणी चुकली असेल का, हा विचार त्यांना तेव्हाही सोडत नव्हता. बाईंना मात्र त्या खाली घातलेल्या नजरेत चोरी दिसली.

त्या तडक डॉक्टरकडे गेल्या.

"हे कापलं तरी रक्तातलं जात न्हाई, बाई," डॉक्टर म्हणाले.

"सोयरीक करताना रक्त कोण बघायलंय? पापणी साफ करा."

मला कापलं. बाईंनी मला स्पिरिटच्या बाटलीत मागून घेतलं, बसनं बीदरला आणलं आणि भावाच्या टेबलावर आपटलं.

"घे तुझा रोग! काढून आणला. आता पोरगी दे."

"अक्का, ही रोगाची नुसती खूण हाय. रक्त तेच हाय."

"देतूस का न्हाई?"

मुकुंदरावांनी बाटली बाजूला सरकवली. "न्हाई."

"मग मी मेल्यावरबी तोंड दाखवू नको."

चहा तसाच ठेवून बाई गेल्या. मुकुंदरावांनी मला पुस्तकांच्या कपाटात ठेवलं. अधूनमधून काचेतून माझ्याकडे बघत पुटपुटायचे, "चुकलो तर न्हाई ना मी?" मी कधी धीर दिला नाही.

वर्ष उलटलं. एका सकाळी बाई दारात उभ्या राहिल्या. माझ्या जागी नवा पिवळा कोंब उगवला होता.

"ये, अक्का..."

"तुझ्याशी बोलायला न्हाई आले. अच्युतच्या टाचांमागं गाठी आल्यात. घाट चढताना छाती दाबून थांबायलाय. रिक्षात बसवलाय खाली. त्याला हैदराबादला ने."

"आन् तुझं रक्त?"

"माझं ऱ्हाऊ दे. पोराचं बघ."

मुकुंदराव कोट न घालताच जिना उतरले. बाई त्यांच्या मागून निघाल्या, चार पावलं अंतर ठेवून.

तपासणीत काय निघेल, ते मला बाटलीतून दिसणार नाही. तुम्हाला एवढंच सांगतो, कुणाच्या पापणीवर मी दिसलो, तर माझं कौतुक करू नका, कापायची घाईही करू नका. त्या माणसाला आणि त्याच्या लेकरांना आधी तपासून आणा. भांडण नंतर करा.