दीड किलोची बॅग

सोळा किलोच्या पोरीच्या पाठीवर दीड किलोच्या वर ओझं नको, असं डॉक्टर म्हणाले आणि संगीतानं ते इतकं मनावर घेतलं की घरच्यांना पळता भुई थोडी झाली. जया दुसरीत. शाळेचं एका रात्रीचं शिबिर होतं, पांढरकवड्याच्या पुढच्या जंगलात. फाटकापासून मुक्कामापर्यंत दोन किलोमीटर पायी, ज्याची बॅग त्याच्याच पाठीवर. आणि जयाला दमा. पंप जवळ असला तर खुशाल जाऊ द्या, असंही डॉक्टर म्हणाले होते. पण झोप उडायची ती आईचीच उडते.

तांड्यातल्या त्यांच्या किराणा दुकानाचा काटा आठवडाभर बॅगेनंच अडवला. टॉवेल गेला, अर्धा पंचा आला. स्टीलची बाटली गेली, प्लास्टिकची आली. ब्रशची दांडीसुद्धा या बाईनं अर्धी कापली. पंप तेवढा तिनं सगळ्यात आतल्या कप्प्यात, दोन चेनांच्या मागं, जपून ठेवला.

सासरे खेमसिंग बाजेवरून बघत होते. त्यांच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं होतं. ते उठले आणि कवड्या लावलेली जुनी कोथळी घेऊन आले. कमरेला बांधायची पिशवी ती.

"हे राहू दे पोरीजवळ."

संगीतानं ती काट्यावर टाकली. "एकशे दहा ग्रॅम! मामाजी, एवढ्या कवड्या कायले पाह्यजेत तिले?"

म्हातारा कोथळी घेऊन आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जंगलाच्या फाटकाशी जया मैत्रिणींसोबत रांगेत उभी राहिली. संगीतानं शेवटचं म्हणून बॅग उघडली. आतला कप्पा रिकामा! सगळी बॅग तिनं मातीत उपडी केली. पंप नव्हता. घर तीस किलोमीटर मागं, बाईंनी शिट्टी वाजवलेली. तिनं घरी फोन लावला.

"मामाजी, काट्याजवळ पंप राह्यला काय? बॅगेले तुमी हात लावला काय?"

"लावला."

"काहून लावला? पोरीच्या जिवाले काही झालं म्हंजे?"

आयुष्यात पहिल्यांदा ती सासऱ्यावर ओरडली होती.

"जयाच्या कमरेले पाह्य," खेमसिंग म्हणाले. "जिवाची वस्तू बैलाच्या पाठीवर नाही देत आमी. बैल उधळला तं? ते आपल्या कमरेले."

संगीता धावत रांगेशी गेली आणि जयाचा शर्ट वर केला. कवड्यांची कोथळी, तिच्यात पंप.

"याडी, आजानं डोळे मिटून काढाले लावला," जया आईला म्हणाली. "धा वेळा. हे पाह्य." तिनं डोळे घट्ट मिटले, आणि पंप तोंडाशी आला.

आठवडाभर संगीतानं काय काय तोललं होतं. पण बॅगेच्या त्या दोन चेना जयाला उघडतात का, हे एकदाही पाहिलं नव्हतं.

फोन अजून चालूच होता.

"तू रागावशील म्हणून सांगतलं नाही," म्हातारा चाचरत म्हणाला. "अर्ध्या कवड्या काढल्या मी. आता तं जड नाही ना होत?"