अंगठ्याचं काम

"पंख्यावर फुली आलीय," फोरमन म्हणाले.

शेजारच्या शिवणवाल्या वहिनींनी छताकडे पाहिलं. "चालतोय की चांगला!"

"तो नाही हो. हा, इथं खाली." त्यांनी लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवलं आणि लगेच मागं घेतलं. पडद्याला बोट लावायचं नाही, अशी वहीत ताकीद होती.

वही बायकोनं लिहिलेली. तिनं जन्मभर बालवाडीतली पोरं शिकवली, त्यामुळे अक्षर मोठं, गोल आणि एका ओळीत एकच काम. शेवटच्या आजारपणात उशीला टेकून तिनं ती नवऱ्यासाठी लिहिली. 'गोल बटण एकदाच दाबा. मग थांबा. तुम्हाला थांबवत नाही हे ठाऊक आहे, तरी थांबा. खाली हातपंख्यासारखी खूण दिसेल. तिच्यावर टिचकी मारा. आपल्या घराचं नाव येईल.'

फोरमननी सगळं ओळीनं केलं होतं. नाव काही येत नव्हतं.

अकरा वाजता मुलगा पडद्यावर येणार होता, तुरुंगातून. महिन्यातून एकदा, पंधरा मिनिटं, आणि तेही तिथं नोंदवलेल्या याच लॅपटॉपवर. सव्वाअकराला तिकडून बंद. दोन वर्षं बायको त्याच्याशी बोलायची आणि फोरमन बाहेर जिन्यात बसून राहायचे. पोराचं तोंड बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. बायको जाऊन आज सतरा दिवस झाले होते. मुलाला ते माहीत नव्हतं.

"मी म्हणत होते, तिथल्या साहेबांना कळवा. त्यांनी सांगितलं असतं त्याला."

"साहेब तिचा कोण लागतो?" फोरमन तुटकपणे म्हणाले. मग आवाज उतरला. "मीच सांगायला हवं, वहिनी."

"बरं. मग एकदा बंद करून चालू करा. माझं मशीन अडलं की मी दोन चापट्या मारते, लागतं चालायला."

"मी तेल घालून जातो म्हणून चालतं ते."

बंद करून चालू केलं. पुन्हा फुली. भिंतीवर अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. आज चुकलं तर पुढची भेट महिन्यानं. तोवर पोरगा तिकडं आईसाठी दिवस मोजत बसणार.

त्यांनी वही मिटली आणि डोळेही मिटले. चाळीस वर्षं ते पाण्याच्या पंपांवर होते. नळ कोरडा म्हणून नळाशी झटापट करणारे त्यांनी खूप पाहिले होते. आधी टाकी बघायची, मग पाइप धरून एकेक हात खाली यायचं.

ते उठले आणि कपाटावरच्या वायफायच्या डब्याकडे गेले. दिवे हिरवे होते. "टाकी भरलेली आहे. वहिनी, तुमच्या मोबाइलला मिळतंय का हे?"

"मिळतंय की. भाचीनं बाळाचा व्हिडिओ पाठवलाय. जांभई देतंय बघा मेलं, आजोबांवर गेलंय."

"म्हणजे पाइपही चांगला. कॉक बंद आहे, आणि तो या लॅपटॉपलाच कुठंतरी आहे."

अंधारात पाइप चाचपावा तसं त्यांनी लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवलं. पुढच्या कडेला, उजव्या कोपऱ्यात, तांदळाएवढं काहीतरी नखाला लागलं. त्यांनी ते सरकवलं. बारीकसा निळा दिवा लागला, फुली गेली आणि घराचं नाव आलं.

"अगंबाई! हे तर वहीत नव्हतंच!"

नव्हतं. बायको खोलीतून निघाली की दिवा बंद, पोळी उतरली की गॅस बंद. बोलणं संपलं की तिचा अंगठा हा खटकाही बंद करत असणार आणि पुढच्या वेळी आपसूक उघडत असणार. अंगठ्याचं काम लिहायचं तिला सुचलंच नव्हतं. फोरमननी वही उघडली आणि पुढच्या ओळीत सांगितलेलं भेटीचं बटण दाबलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मी बाहेर थांबते," वहिनी म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं.

"आई, किती गं उशीर! मला वाटलं आज..." पडद्यावरचा मुलगा थबकला. त्याच्या कानशिलावरचे केस पिकले होते. "बाबा?"

"हो."

"तुम्ही?" तो हसला, लहानपणी हसायचा तसाच. "बसवलंच शेवटी तिनं तुम्हाला! तिला म्हणावं, जिंकलीस बाई. कुठं लपलीय?"

सतरा दिवस जुळवलेलं बोलणं फोरमनना आठवेना.

"छोट्या, आई गेली रे. सतरा दिवस झाले. झोपेतच गेली."

मुलगा हलेना. ओठ किंचित उघडे, हसू तसंच राहून गेलेलं. फोरमनना वाटलं, चित्र अडकलं. त्यांनी घाईनं खटका चाचपला. चालू होता. पंख्याच्या सगळ्या रेघा भरलेल्या होत्या. मग त्यांचं लक्ष मुलाच्या पाठीमागच्या भिंतीकडे गेलं. तिथं एक घड्याळ होतं आणि त्याचा सेकंदाचा काटा फिरत होता.

अजून तीन मिनिटं होती. फोरमननी खुर्ची पुढं ओढली.