डाव्या दाराची वाटी

मला राग लवकर येतो हे अख्ख्या बेंबळी गावाला ठाऊक आहे. त्यामुळे माझ्या बायकोचा, सृष्टीचा फोन आल्यापासून मी दिवसभर कुणाशी धड बोललो नाही, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. फोनवर ती म्हणाली होती, "ह्या वेळी मला न्यायला येऊ नका. धाराशिवला उतरून मी आपली एसटीनं गावात येते."

"का बरं?"

"उगं. तुमची टमाट्याची खेप बुडती."

माझ्या खेपेची काळजी तिला आजवर कधी लागली नव्हती. लग्न झाल्यापासून ती माझ्या पिकअपमध्येच हिंडली. नर्सिंगला जाते म्हणाली तेव्हा आई नको नको म्हणत होती, आणि मीच हट्टानं तिला ह्याच गाडीतून नाशिकला सोडून आलो. पहिल्या वर्षी प्रत्येक सुट्टीला धाराशिवच्या स्टँडवर मीच न्यायला गेलो. आणि आता एसटी? कॉलेजच्या दारात पोरींना न्यायला चकाचक कार येत असणार आणि हिला आपल्या पिकअपची लाज वाटत असणार, हे मी माझं मीच ठरवून टाकलं. पारावरच्या लोकांनी तर ते आधीच ठरवलं होतं. "शंभ्या, नर्सबाई झाल्यावर ती तुझ्या पिकअपात बसती व्हय?" मी त्यांना शिव्या हासडल्या होत्या. पण शिव्या दिल्या म्हणून ऐकलेलं कानातून जात नाही.

तिची आठवण मला फार यायची, सरळच सांगतो. मागं क्रेटांची थप्पी आणि पुढं डावी सीट रिकामी. एखादा हमाल तिथं बसायला आला की मी काहीतरी कारण काढून त्याला मागं पाठवायचो. एकदा तुळजापूरच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीची क्रोमची हँडलं बघून सृष्टी म्हणाली होती, "आपल्या गाडीला बी एखादा असला दागिना करा की." माल वाहणाऱ्या गाडीला कसला दागिना, म्हणून मी तिला उडवून लावलं होतं. ते आता आठवलं, आणि ती यायच्या आदल्या दिवशी मी धाराशिवला सिद्धेश्वरच्या दुकानात जाऊन उभा राहिलो.

सिद्धेश्वर माझा शाळेतला दोस्त. गाड्यांच्या सजावटीचं सामान विकतो आणि गिऱ्हाइकाची टिंगल फुकट करतो. त्यानं काउंटरवर दाराच्या हँडलांची काळी, जाळीच्या नक्षीची, अर्धी रुपेरी अशी कव्हरं मांडली. मी आरशासारख्या क्रोमवर बोट ठेवलं.

"सेट चार दारांचा येतो," तो म्हणाला. "तुझ्या गाडीला दारं दोनच. बाकीची काय घरच्या कपाटाला लावतो?"

"लावतो. तू काढ."

"आन ह्या वाट्या बी घे." हँडलच्या मागं बोटं घालायला खळगा असतो, त्यात बसणारी गोल चकचकीत वाटी त्यानं दाखवली. "बायकांच्या बांगड्यांनी तिथला रंग जातो. वाटी बसली की समदं झाकून जातं."

गाडी मी दुकानापुढं सावलीत घेतली. उजव्या दाराचं काम झटक्यात झालं. खळगा फडक्यानं पुसला, स्पिरिट लावलं, चिकटपट्टीवरचा कागद सोलला आणि वाटी दाबून धरली. वर हँडलचं कव्हर बसवलं. जुनं दार एकदम रुबाबदार दिसायला लागलं, खोटं कशाला बोलू.

मग डाव्या दाराशी आलो. खळगा पुसला तशा आतल्या रेघा वर आल्या. बारीक, आडव्या, एकीवर एक. रंग खरवडून आतला पत्रा दिसत होता. हे दार मी कधी उघडत नाही. हमालही उघडत नाहीत, मी उघडूच देत नाही. त्या सगळ्या रेघा सृष्टीच्या. ती दार उघडायची तेव्हा खर्र वाजायचं आणि मी खेकसायचो, "हळू की गं, रंग जातोय!" ती मुद्दाम आणखी वाजवायची.

वाटीचा कागद मी सोलला होता. हात खळग्यापर्यंत नेला आणि परत घेतला. सिद्धेश्वर म्हणाला, "बसव की." मी म्हणालो, "न्हाय बसवत." त्यानं माझ्याकडं पाहिलं, खळग्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच टिंगल केली नाही. डाव्या दाराला नुसतं वरचं कव्हर बसवलं. वाटी डॅशबोर्डवर पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नको म्हटलेलं असूनही, मी गाडी धुऊनपुसून स्टँडबाहेर लावली. नाशिकची गाडी आली. सृष्टी उतरली, वाळलेली दिसली. हाक तोंडात आली होती, तेवढ्यात बेंबळीच्या एसटीकडं न जाता ती भराभरा दुसऱ्या फाटकानं बाहेर पडली. माझ्या डोक्यात नको नको ते आलं. मी तरातरा मागं गेलो.

ती रस्त्यापलीकडं बांगड्यांच्या दुकानात शिरली आणि कासारणीपुढं हात पसरून बसली. मनगटं दोन्ही मोकळी. एकात नुसतं घड्याळ.

मला बघून तिनं पदराखाली हात ओढले. "तुमाला येऊ नका म्हणलं होतं ना!"

"हे काय?"

"आता वॉर्डात ड्यूटी लागली. तिथं बांगड्या चालत न्हायत. घरी तुमच्या आईपुढं मोकळ्या हातानं कसं यायचं? आन तुमाला तरी बघून कसं वाटलं असतं?" तिचे डोळे भरले. "म्हणलं हितं भराव्या, मगच गावात यावं."

मी काय काय ठरवून बसलो होतो! माझी मलाच लाज वाटली, आणि आनंदही झाला.

"दादा, भरून हुईस्तोर तिकडं बघा," कासारीण म्हणाली. मी मुकाट्यानं पाठ केली आणि काचेची किणकिण ऐकत उभा राहिलो.

सृष्टी हिरवा चुडा भरून गाडीपाशी आली. हँडलं बघून हसली. "केला का शेवटी दागिना?" मग डाव्या दाराच्या खळग्यात तिनं बोटं घातली. खर्र वाजलं. मी खेकसलो नाही.

"अहो, त्या दाराला वाटी हाय, ह्याला न्हाय. रंग जातोय बघा."

"जाऊ दे."

तिनं रेघांवरून बोट फिरवलं. सीटवर बसल्यावर हळूच म्हणाली, "जाताना ह्या बांगड्या परत काढाव्या लागतील."

"तवर दार तूच उघडत जा," मी म्हणालो.

बेंबळीच्या रस्त्यावर मी दोन ठिकाणी गाडी थांबवून तिला चहाला उतरवलं, आणि दोन्ही वेळा परत बसताना दार खर्र वाजलं. मला चहा नको होता.