सामानापाशी कोणीतरी हवं

बाईंनी पिशवी उलटी करून झटकली, तरी पोहायचा कॉश्च्युम काही पडला नाही.

"तो मी घरीच काढून ठेवला, आई," सून म्हणाली. ती आरशात बघून केस टोपीत कोंबत होती. "स्पीकर मावत नव्हता. आणि नाहीतरी तुम्ही सामानापाशीच बसणार ना."

"हो. कोणीतरी बसायला हवंच," बाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज चढला नाही. बालवाडीत आयुष्य काढलेल्या बाईंना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. चावऱ्या मुलावर ओरडलं तर ते दुसऱ्यांदा चावतं. त्याला खुर्चीवर बसवायचं, आपण त्याच्यासमोर दुसऱ्यांशी मजेत खेळायचं, आणि आपण काय केलं ते त्याचं त्यालाच आठवू द्यायचं.

कॉश्च्युम निळा होता, कोपरापर्यंत बाह्यांचा. दुकानात दोनदा जाऊन, दोनदा लाजून परत येऊन, शेवटी बाईंनी तो घेतला होता. खोलीचं दार लावून घालूनही पाहिला होता. या वयात हा उत्साह कशासाठी, तर मन हलकं करायला. गल्लीतली चिमुरडी रोज संध्याकाळी बाईंच्या पुढच्या खोलीत जमायची. अक्षरं, गाणी, गोष्टी चालायच्या. गेल्या महिन्यापासून त्या वर्गाला गळती लागली होती. खोली भरून मुलं यायची, आता चारच उरली. फाटकाशी गाठ पडली तर आया नजर चुकवायच्या. आपण म्हातारे झालो, पोरांना कंटाळा येतो आपला, असं बाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि ते त्यांना आतून कुरतडत होतं. कोणाला बोलल्या नव्हत्या. दोन दिवस पाण्यावर पडून राहावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि आता त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. समोर वॉटर पार्कचं छताखालचं ते अवाढव्य पाणी, रंगीत घसरगुंड्या, डोक्यावर रिकामी होणारी भली मोठी बादली. भोवती सगळ्यांचे टॉवेल, चपला, फोन आणि तो स्पीकर. घरच्यांचा लॉकर एकच, तो उघडणारा पट्टा बाईंच्या मनगटावर. 'तुझ्याकडून हरवणार नाही,' असं म्हणून मुलानंच बांधला होता.

मुलगा मध्येच ओला धावत आला. चष्मा काढून बाईंच्या मांडीवर ठेवला आणि एक अक्षर न बोलता परत गेला. टेबलावर ठेवावा तसा.

बाई उठल्या.

चष्म्यापासून चपलांपर्यंत सगळं त्यांनी लॉकरमध्ये घातलं. हॉटेलच्या खोलीची चावीही. सुनेच्या पिशवीत तिचा दुसरा कॉश्च्युम होता, केशरी, संध्याकाळच्या फोटोंसाठी राखून ठेवलेला. तो बाईंनी चढवला. पोटाशी जरा कुरकुरला, पण बसला. मग लॉकरला पट्टा टेकवून त्यांनी कुलूप लावलं, आणि सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन चालू लागल्या.

पार्कच्या कडेनं एक कालवा गोल फिरत होता. पाटीवर 'लेझी रिव्हर' लिहिलेलं, म्हणजे आळशी नदी. ट्यूबमध्ये बसायचं आणि वाहायचं. पाणी कोमट, हातपाय हलवायचं काम नाही. सात वर्षांची नात घसरगुंडीच्या रांगेतून पळत आली.

"आजी, तू पाण्यात?"

"चल, माझ्या ट्यूबला धर."

पहिल्याच वळणानंतर काठावर कुटुंब उभं दिसलं. मुलगा, सून आणि बाईंची लेक, तिघंही ओलेचिंब. लॉकरजवळ मोठे पंखे फिरत होते. पाण्यात असेपर्यंत ते कळत नाहीत, बाहेर आलं की दात वाजतात.

"आई, टॉवेल कुठायत?" मुलानं विचारलं.

"लॉकरमध्ये," बाई वाहता वाहता म्हणाल्या, आणि पुढे गेल्या.

कालवा गोल असल्यामुळे त्या थोड्या वेळात परत आल्या.

"आई, तो माझा कॉश्च्युम," सून म्हणाली.

"छान आहे हो. कमरेत जरा घट्ट शिवलाय."

मुलगा काउंटरवर जाऊन आला. तिथला माणूस म्हणाला होता, ज्यांच्या हातात पट्टा आहे त्यांना विचारा, त्या काय समोरच आहेत. जेवणाचा हॉल बंद व्हायची वेळ होत आली होती, आणि ओल्या अंगानं आत सोडत नव्हते.

पुढच्या फेऱ्याला लेक काठावर वाकली. "आई, तू चिडलीयस का?"

"मी? छे."

त्या घरात वाढलेल्या कोणालाही त्या 'छे'चा अर्थ सांगावा लागत नसे. लेकीचं तोंड उतरलं. बाईंनी मागे वळून पाहिलं, तर तिघं डोकी जुळवून कुजबुजत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. आईला नक्की काय कळलंय, याचा तिथं हिशेब चालला होता.

"तुझी जाई पाण्याविना मेली नव्हती," पुढच्या वेळी लेकीनं एका दमात सांगून टाकलं. "माझ्याकडून साबणाची बादली कुंडीत उपडी झाली. चुकलं माझं."

बाईंना हे अजिबात ठाऊक नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवली.

मग सून. "आई, तुम्ही विणलेला स्वेटर... तो माझ्या माहेरी कुत्र्याला घालतात. हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"बसतो का त्याला?"

"हो. बसतो."

"मग बरं झालं. आणखी एक फेरा मारते."

नात खिदळत होती. बाईंना वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्यांना इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. कुडकुडणारी तीन मोठी माणसं काठावर ताटकळताहेत आणि आपण कोमट पाण्यात, हे दृश्य त्यांनी प्रत्येक फेऱ्याला डोळे भरून पाहिलं.

शेवटी मुलगा एक ट्यूब घेऊन त्यांच्यामागे पाण्यात उतरला. पण आळशी नदीत सगळ्यांचा वेग एकच. मधे एक जाडजूड गृहस्थ पोटावर हात ठेवून झोपले होते. मुलानं कितीही हात मारले तरी ते गृहस्थ आणि ते अंतर तेवढंच राहिलं.

"आई, थांब जरा."

"नदीला सांग."

"वर्गाचं कळलं ना तुला? म्हणूनच चाललंय ना हे सगळं?"

बाईंचा पाण्यातला हात थबकला. पण गोंधळलेल्या मुलाकडून खरं कसं काढायचं, यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आपल्याला काय माहीत आहे ते सांगायचं नाही.

"तूच सांग," त्या मागे न बघता म्हणाल्या. "नीट. पहिल्यापासून."

आणि झोपलेल्या गृहस्थांच्या पोटावरून त्यानं सांगितलं. घरून काम करायला त्याला पुढची खोली हवी होती. आईला सरळ विचारायचं धाडस झालं नाही. म्हणून एकेका घरी जाऊन तो सांगून आला, की आईची तब्येत बरी नसते, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय, मुलं पाठवू नका, आणि तिच्यापाशी हा विषयही काढू नका, तिला वाईट वाटतं.

गृहस्थ डोळे न उघडताच चुकचुकले.

आधी बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. पोरं कंटाळली नव्हती. त्यांना कोणीतरी घरात अडवलं होतं. आणि मग जो राग आला, त्यापुढे कॉश्च्युमचा राग म्हणजे काहीच नव्हता. महिनाभर त्या आरशासमोर उभ्या राहून स्वतःचा आवाज तपासत होत्या. हा शेजारच्या खोलीत बसून ते ऐकत होता.

पायऱ्यांपाशी बाईंनी कठडा धरला. पट्टा काढून नातीच्या हातात दिला.

"लॉकरमधून फक्त बाबाचा फोन आण. टॉवेल आणायचा नाही. कुलूप लाव आणि पट्टा मला परत दे."

नात गेली आणि आली. मुलगा एव्हाना निथळत्या अंगानं काठावर येऊन उभा होता.

"ज्या ज्या घरी गेलास, त्या सगळ्यांना लाव फोन."

"इथं? लोकांसमोर? आई, संध्याकाळी खोलीतून करतो ना."

"खोटं दारोदार जाऊन सांगितलंस. खरं सांगायला खोली कशाला हवी?"

"काय सांगू?"

"आईची तब्येत ठणठणीत आहे. वर्ग सोमवारपासून भरेल. आणि मी खोटं बोललो."

"ते शेवटचं पण?"

"ते आधी."

सून मधे पडली. "आई, ते आजारी पडतील हो. निदान एक टॉवेल तरी."

"त्याचे फोन होऊ देत. तुला ठाऊक होतं का गं हे?"

सून जमिनीकडे बघू लागली. लेकीनं विचारायच्या आधीच मान खाली घातली.

बाईंनी कठडा सोडला. पुन्हा समोर आल्या तेव्हा मुलगा फोनला तोंड चिकटवून पुटपुटत होता.

"मागच्या रांगेपर्यंत ऐकू येऊ दे," त्या म्हणाल्या.

त्यानं आवाज चढवला. "हो, मी खोटं बोललो होतो," हे वाक्य छताला लागून पुन्हा खाली आलं. घसरगुंडीच्या रांगेतली काही माणसं वळून बघू लागली. त्याचे ओठ निळसर झाले होते. पलीकडे जेवणाच्या हॉलची दारं बंद झाली. बाईंना सगळं दिसत होतं, आणि कशाचीच घाई वाटत नव्हती.

त्या फिरून आल्या तेव्हा त्यानं फोन त्यांच्या दिशेनं पुढे केला.

"कोपऱ्यावरच्या त्या जुळ्यांची आई आहे. तू खरंच बरी आहेस का विचारतेय. तुझ्याशीच बोलायचं म्हणते. घे ना आई, माझ्यावर विश्वास नाही तिचा."

"नसणारच," बाई म्हणाल्या. "तिला सांग, बाई पाण्यात आहेत. सोमवारी पोरींना घेऊन ये म्हणावं. आणि तू पुढचा नंबर लाव."

काठाला पायानं रेटा देऊन त्या वळणाकडे निघाल्या.