दोन्ही कर्णधारांची हरकत

"मॅडम, तुम्ही नायजेरियाच्या की केनियाच्या?"

मंतशाने विचारून टाकलं. पैजच होती तशी. शेफाली म्हणाली होती, "जा, त्या पंचबाईंना विचारून दाखव. अख्ख्या टीमतर्फे वडापाव! नाही विचारलंस तर उद्यापासून मोठ्या गप्पा बंद." आणि मंतशाच्या गप्पा सध्या भलत्याच मोठ्या होत्या. आठवीपर्यंत वर्गात हात वर करतानासुद्धा हिच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. यंदा नववीत ती शाळेच्या खो-खो संघाची कर्णधार झाली आणि चमत्कारच झाला. परवा तर मुख्याध्यापकांनाच विचारून आली, "सर, आमच्या मैदानावर तुमच्या गाड्या का?" अशा मुलीला एका पंचबाईंची काय मातब्बरी!

पंचबाई हडपसरच्या त्या मैदानावर वाकून खांब घट्ट बसलाय का ते बघत होत्या. पांढरा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी, काळा कुळकुळीत रंग, दाट कुरळ्या केसांच्या बारीक बारीक वेण्या. त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

"हल्याळची. तू कुठली?"

"मी? कसबा पेठेतली."

"मूळची?"

हा प्रश्न मंतशाच्या चांगला ओळखीचा होता. तिचे खापरपणजोबाही कसब्यातच जन्मले होते, पण नाव सांगितलं की रिक्षावाले काका असोत, नव्या बाई असोत, नाहीतर शेफालीची आजी असो, पुढचा प्रश्न हाच यायचा, "मूळचे कुठले गं तुम्ही?" आणि आज तोच प्रश्न ती स्वतः दुसऱ्या कुणाला तरी, तोही वडापावसाठी, विचारून बसली होती. सावरायला म्हणून ती घाईघाईने म्हणाली, "नाही म्हणजे... तुमचं मराठी किती छान आहे!"

म्हणाली मात्र, आणि जमीन दुभंगेल तर बरं असं तिला झालं. बालवाडीपासून हे वाक्य ऐकून तिचे कान किटले होते. जणू मराठी ही तिला कुणीतरी उसनी दिलेली वस्तू आणि तिने ती जपून वापरली म्हणून शाबासकी!

बाई आता सरळ उभ्या राहिल्या. "तुझंही," त्या म्हणाल्या. मग जरा हसल्या. "कल्याणी सिद्दी. हल्याळ कर्नाटकात, दांडेलीच्या जंगलाजवळ. आमचे पूर्वज आफ्रिकेतून आले, खरं आहे, पण त्याला काही शतकं उलटली. तुझे कुठून आले, विचारलंयस कधी घरी? राहू दे. नाणेफेकीला ये, कर्णधार."

शेफाली तिकडे हसून हसून लोळत होती. मंतशाने तिला तो वडापाव माफ करून टाकला.

उपांत्य सामना सुरू झाला आणि शरमेची जागा रागाने घेतली. मंतशाचा सूर म्हणजे शाळेची शान. शेवटच्या मिनिटाला तिने असा काही सूर मारला की समोरची पळती मुलगी बोटांच्या टोकांनी टिपली. टाळ्या वाजल्या, आणि त्या टाळ्यांच्या वर शिट्टी वाजली.

"फाउल! खांदा मागे वळला. गडी नाबाद."

"मॅडम, नाही वळला!"

"वळला," कल्याणीबाई शांतपणे म्हणाल्या. "खेळ सुरू."

तरी संघ जिंकला, एका गुणाने. तंबूत मुली चिडल्या होत्या. "मुद्दाम दिलं! तू ते नायजेरिया विचारलंस ना, त्याचा डूख धरला," असा शेफालीचा निष्कर्ष. त्यांचे प्रशिक्षक उत्तरेश्वर सर बार्शीकडचे. त्यांनी एका वाक्यात विषय मिटवला. "बाईंनी दिलं ते बरोबर हाय. तुझा खांदा वळतोय, मी महिनाभर तेच बोंबलतोय."

मंतशाला ते पटलं नाही. म्हणून ती मुलांचा उपांत्य सामना बघायला मुद्दाम रेषेजवळ जाऊन बसली, बाईंची चूक पकडायला. आता बघतेच, म्हणाली मनात.

आणि बघतच राहिली. बाई मधल्या पाटीच्या, म्हणजे गडी बसतात त्या पट्ट्याच्या, कडेने खेळाडूंच्या बरोबरीने धावत होत्या. मागे धावायचं असलं तर उलट्या पावलांनीच धावत, आणि नजर मात्र खेळाडूच्या पायावर. 'खो' स्पर्शाआधी दिला की शिट्टी, पाटी ओलांडली की शिट्टी. हात वर जायचा तो असा नेमका की लांबच्या प्रेक्षकालाही कळावं काय झालं. मग एका संघाच्या बाकावरून आवाज आला, "ए वेस्ट इंडीज!" त्यावर हशा पिकला. पुन्हा कुणीतरी ओरडलं, "बाई, चूल सांभाळा!"

बाईंनी सामना थांबवला. त्या चालत त्या बाकाकडे गेल्या. मंतशाला वाटलं, आता रडतील नाहीतर भांडतील, कारण तिने स्वतः या दोन्हींपैकी एक नक्की केलं असतं. बाई त्या संघाच्या प्रशिक्षकांना म्हणाल्या, "सर, मैदानावरून मला फक्त 'खो' ऐकू यायला हवा. आणखी काही ऐकू आलं तर तुमचा कर्णधार बाहेर बसेल." मग वळून त्यांनी पहिल्यासारखीच शिट्टी दिली. पुढच्याच मिनिटाला त्याच संघाच्या बाजूने एक अवघड निर्णय दिला, आणि तो बरोबर होता. मंतशाने डोळ्यांनी पाहिला होता. आपल्याला शिव्या देणाऱ्याच्या बाजूनेही खरं ते द्यायचं? बाप रे! हे सुरापेक्षा अवघड होतं.

सामना संपल्यावर ती पळतच बाईंकडे गेली. आधी सकाळच्या प्रश्नाबद्दल सॉरी म्हणाली, एका दमात, आणि मग, "मॅडम, खांदा कसा वळतो ते दाखवा ना!"

बाईंनी तिला धावायला लावलं आणि तिच्या खांद्यावर दोन बोटं ठेवली. "हं, इथे. सूर मारायच्या आधी तू मागे बघतेस. समोरचीवर विश्वास नाही तुझा. ती कुठे जाणार ते तुला माहीत असतं, तरी बघतेस."

"तुम्हाला राग नाही येत? ते तसं ओरडतात त्याचा?"

"येतो की. शिट्टी फुंकायला हवा लागतेच, तिथे तो कामी येतो." बाई पाणी प्यायल्या. "खराडीतल्या शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून रुजू व्हायला गेले, तर गेटवरच्या काकांनी मला सफाई कामगारांच्या दाराकडे पाठवलं. म्हटलं, काका, त्या दाराने जाण्यात कमीपणा नाही, पण माझा वर्ग इकडे आहे. आता ते काका रोज पहिला सलाम मला ठोकतात. सगळ्यांचं असं गोड होत नाही हं. काही जण अजून माझ्या नावाच्या जागी 'ती' म्हणतात."

तंबूकडे परतताना उत्तरेश्वर सरांनी उरलेलं सांगितलं. "बाई किती वर्षं पंच हायत, पण अंतिम सामना आला की यांना गुण लिहायला टेबलावर बसवत्यात. एकदा अंतिम सामन्याला सरपंच, म्हंजे मुख्य पंच, म्हणून उभं राहिलं, की राज्याच्या पंचांच्या पॅनलला नाव जातंय. यंदा सगळ्यांसमोर चिठ्ठी काढली अन् उद्याच्या मुलींच्या सामन्याला यांचंच नाव निघालं. आता बघू."

'आता बघू' म्हणजे काय, ते मंतशाला संध्याकाळी कळलं. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे सचिव नागोरावकाकांनी दोन्ही कर्णधारांना ऑफिसात बोलावलं. समोरच्या संघाची भाग्यश्री आधीच येऊन बसली होती. काकांनी दोघींना लिंबू सरबत दिलं, वर पंखाही लावला.

"बाळांनो, आपल्या मंडळाची प्रथा माहीत आहे ना? अंतिम सामन्याआधी माइकवर दोन्ही कर्णधारांना विचारायचं, सरपंचांवर हरकत आहे का? दोघींनीही हरकत घेतली, तरच सरपंच बदलतो. कारण सांगावं लागत नाही." काका खुर्चीत जरा पुढे सरकले. "तर उद्या दोघी 'हरकत आहे' म्हणा. मला काही नाही हो! माझ्या मनात तसलं काही नाही. पण उद्या मोठे पाहुणे येणार, फोटो येणार. लोक विचारतात, आपल्यात कुणी मिळालं नाही का? आणि त्यातून बाईमाणूस. सामना तापला तर आवरणार आहे का तिला?"

भाग्यश्रीने सरबताचा ग्लास खाली ठेवला आणि मान डोलावली.

"आणि तू मकबूलभाईंची ना गं?" काका मंतशाकडे वळले. "तुझ्या आजोबांपासून आमचे चषक तुमच्या दुकानातले. आपल्या घरचीच पोरगी तू."

आपल्या घरची! मूळची कुठली हा प्रश्न आता कुणी विचारत नव्हतं. मंतशाला ओठांवर आलेलं बोलायचं होतं. दुपारचा तापलेला सामना कुणी आवरला, तुम्ही बघितला नाहीत का, असं. मुख्याध्यापकांना जाब विचारणारी ती मुलगी नेमकी त्या क्षणी कुठे दडली कोण जाणे. तोंडातून निघालं ते एवढंच, "बघते, काका."

बाहेर शेफाली खूश. "भारी झालं! ती बाई नसेल तर तुझे सगळे सूर चालतील. जिंकलो आपण!" मंतशाला तेही खरं वाटलं, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटलं.

कसब्यात त्यांचं घर दुकानाच्या वर. खाली अब्बू, म्हणजे मकबूलभाई, उद्याच्याच चषकांवर नावाच्या पट्ट्या बसवत होते. अम्मी चहा घेऊन खाली आली होती. मंतशाने दप्तर टाकलं आणि सगळं सांगून टाकलं. नायजेरिया, सूर, वेस्ट इंडीज, सरबत, काही वगळलं नाही.

अब्बूंनी हातातली पट्टी पुसली, पुन्हा पुसली. "बेटा, नागोराव माणूस वाईट नाही. पण त्याच्या मनात आलं तर पुढच्या वर्षी चषक दुसऱ्या दुकानातून येतील. आणि हे एकच मंडळ नाही. एकाकडून दुसऱ्याकडे बोललं जातं. तू नुसती गप्प राहिलीस तर?"

"गप्प राहून नाही चालत, अब्बू. माइकवर विचारतात. हो म्हणायचं किंवा नाही."

"मला काही नाही हो," अम्मी अचानक म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. नसीमबानू सहसा दुकानात बोलायची नाही.

"मंतशा, तुला आठवतंय का, मी त्या दवाखान्यात लागले होते? समोरच्या टेबलावर, पेशंटची नावं घ्यायला. आठवड्याच्या आत फाइलींच्या खोलीत बसवलं. डॉक्टर म्हणाले, मला काही नाही हो नसीमताई, पण पेशंटना समोर बुरखा बरा दिसत नाही." अम्मीने कप बशीत ठेवला. "अगदी हेच शब्द. त्या दिवशी तिथे सात-आठ जण होते. सगळे भले. एकाने जरी म्हटलं असतं ना, की राहू दे तिला इथेच... मी नोकरी सोडली नसती."

अब्बूंना हे माहीत नसावं, निदान या शब्दांत तरी नसावं. त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, "माझ्याकडे बघू नकोस, मंतशा. स्वतःकडे बघून सांग, काय करणार आहेस."

मंतशा उठली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, तिला जाणवत होतं. होऊ देत.

"अब्बू, अम्मी, उद्या नागोरावकाका विचारतील तेव्हा मी माइकमध्ये सांगणार आहे, मला हरकत नाही. भाग्यश्री काही म्हणू दे, एकटीची हरकत चालत नाही. आणि एवढंच नाही. आज आम्हाला हरकत घ्यायला सांगितलं आणि का सांगितलं, तेही पाहुण्यांसमोर सांगणार. चषक गेले तर माझ्यामुळे गेले म्हणा, मी दुकानात बसून दुसरी गिऱ्हाइकं आणीन. मॅडमनी उद्या माझा सूर फाउल दिला आणि आम्ही हरलो, तरी मी हेच म्हणणार. आणि मला अठरा पूर्ण झाली ना, की पंचांच्या परीक्षेला बसणार. ठरलंय माझं."