तांड्यात स्थलांतरित किती?

"तुमच्या तांड्यात स्थलांतरित शून्य आहेत, ताई," साहेब म्हणाले, अन् माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी शिला आडे. सेनगाव तालुक्यात विरोधी पक्षाचं काम करते. पाच वर्षं पंचायत समितीवर होते, मग निवडणुकाच होईनात म्हणून नुसती माजी. पण माजी झाले म्हणून तोंड काही बंद झालं न्हाई. त्या दिवशी बीडीओ साहेबांच्या आढावा बैठकीत मी उभी राहिले ते बसलेच न्हाई. म्हन्लं, दवाखान्यात डॉक्टर न्हाई. नळाला पाणी न्हाई, टाकी तेवढी रंगवून ठेवली. चला, ते बी सोसलं. पण आमच्या तांड्याच्या शाळेतलं वसतिगृह काहून बंद केलं? दिवाळी झाली की आख्खा तांडा ऊसतोडीला जातो. मायबाप कारखान्यावर अन् लेकरं शाळेतच मुक्कामाला, जेवण तिथंच, असं बरं चाललं होतं. औंदा सरकारनं पैसे कापले अन् लेकरं वाऱ्यावर सोडली!

साहेबांनी शांतपणे चष्मा पुसला. "पण लेकरं आहेतच कुठं? सर्वे झालाय."

"अहो, परवा ट्रक येऊन राहिला तांड्यावर!"

"ते मला माहीत नाही. स्थलांतरित नाहीत, असं तुमच्या नायकांनीच सांगितलंय."

नायक म्हंजे तांड्याचा प्रमुख. अन् आमचा नायक लालसिंग म्हंजे माझा सख्खा बाप. बैठकीतले सगळे फिदीफिदी हसले. मी पर्स उचलली अन् तडक जीपमधी जाऊन बसले.

राग नुसता हसण्याचा नव्हता. माझा भाऊ विकास, त्याची पोरगी पल्लवी आठवीत हाय. पोरगी अशी की पुस्तक हातात आलं की जेवायला बी उठत न्हाई. वसतिगृह न्हाई म्हंजे ती बी ट्रकात बसणार, उसाच्या फडावर धाकट्या भावाला, सेवाला, सांभाळणार, मोळ्या वाहणार. अन् फडावर गेलेली पोरगी पुन्हा शाळेत येत न्हाई. तोडीवरून परतली की उन्हाळ्यात तिचं लगीन लावून टाकतात. माझ्या बराबरीच्या किती तरी जणींचं असंच झालं. पल्लवीचं मला होऊ द्यायचं नव्हतं, बास.

तांड्यावर पोचले तवा बापू लिंबाखाली बाजेवर बसले होते.

"बापू, त्या सर्वेवाल्याला काय सांगितलं तुमी?"

"त्यानं विचारलं, तांड्यात स्थलांतरित किती? म्या म्हन्लं, एक बी न्हाई." वरून मिशीवर हात फिरवला.

"अन् तोडीला जातात ते?"

"ते कामाला जातात. काम झालं की आपल्या घरी येतात. स्थलांतरित म्हंजे ज्याला ठावठिकाणा न्हाई तो! माझा आजा बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडला. जिथं उतरला तिथून लोकांनी हुसकून लावला. माझ्या बापानं या माळावर पहिली झोपडी टाकली, म्या इथं शाळा आणली. अन् कालचं पोरगं मलाच विचारतं, तुमच्यात बेघर किती? काहून सांगू?"

आता यांना काय बोलावं? तोडीला जाणाऱ्याला स्थलांतरित म्हणायचं, हे सरकारनं आपलं आपण ठरवून टाकलं. तांड्यात कुणाला सांगितलं न्हाई. 'उसाला कोण जातं?' असं सरळ विचारलं असतं तर बापूंनी घरागणिक नावं सांगितली असती. धड विचारायला सुद्धा यांना निधी लागतो का?

"बापू, त्या एका शब्दापायी पल्लवीची शाळा चालली."

बापू बाजेवरून उठले. मग म्हणाले, "उद्या घेऊन चल मला. सांगतो त्याला."

दुसऱ्या दिवशी बापूंनी ठेवणीतला फेटा बांधला. साहेबांच्या केबिनमधी चार-पाच माणसं बसली होती. त्या सगळ्यांच्या देखत माझ्या बापानं हात जोडले.

"साहेब, चुकलं माझं. व्हय, आमी स्थलांतरित. सगळा तांडा स्थलांतरित. तेवढं लेकरांचं बघा."

आवाज फाटला त्यांचा. माझी याडी, म्हंजे माय, गेली तवा बी बापूंचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

"बरं झालं सांगितलंत, बाबा," साहेब म्हणाले. "पण वसतिगृह काही व्हायचं नाही. यंदा वरूनच कात्री लागलीय. मागणी असती तरी मिळालं नसतं."

"मग काल भर बैठकीत माझ्या बापाचं नाव काहून घेतलं?"

"काहीतरी कारण द्यावं लागतं ना, ताई."

काहीतरी कारण! त्यापुढं मी जे बोलले ते इथं सांगण्यासारखं न्हाई. शिपाई पळत आला अन् बाहेरची माणसं आत डोकावायला लागली. जीपमधी बसल्यावर बापूंनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

तेवढ्यात आमचे जिल्ह्याचे पुढारी व्यंकटराव, त्यांचा फोन.

"शिलाताई, जबरदस्त विषय काढला तुमी! उद्या ट्रकात चढणाऱ्या लेकरांचे फोटो पाठवा. अधिवेशनात सरकारचं धोतर फेडतो. अन् लहान लेकरं पुढं घ्या. एखादं रडणारं असलं तर अजून चांगलं."

"दादा, लेकरं जाऊ नयेत म्हणून भांडून राहिले मी."

"ते बराबर हाय हो. पण गेली तर आपला मुद्दा पक्का होतो."

मी फोन कापला. सरकारला आमची लेकरं दिसत न्हाईत अन् आमच्या पक्षाला ती ट्रकातच बसलेली पायजेत. मसणात गेला तुमचा मुद्दा!

सकाळी ट्रक भरत होता. बोचकी, कोयते, चुलीची लाकडं. विकास वर चढून सामान लावत होता, त्याची बायको निता खालून देत होती. पल्लवी सेवाचा हात धरून उभी होती, मान खाली घालून. मी तिच्यापाशी पोचायच्या आत बापू ट्रकापुढं जाऊन उभे राहिले. डोक्यावर फेटा होता.

"नायक बोलून राहिला, ऐका. मायबाप जातील. शाळेत नाव हाय ते लेकरू ट्रकात चढणार न्हाई."

मजूर नेणारा मुकादम कुरकुरला. बापूंनी त्याच्याकडं नुसतं बघितलं, तसा तो बिडी पेटवायला बाजूला गेला.

निता रडकुंडीला आली. "बापू, माझी लेकरं खातील काय?"

"निजायला माझं घर हाय, बघायला शेजारची केशरबाई हाय. खायचं शिला बघंल. पुढारी हाय न ती? रोज माईकवर वरडते."

तांडा हसला. मला बी हसू आलं. ट्रक हलला तशी निता सेवाचं नाव घेऊन हंबरडा फोडायला लागली. पल्लवीनं भावाला पोटाशी धरलं होतं. आईला टाटा करायचं बी तिला सुचलं न्हाई.

मी सगळ्या लेकरांना म्हन्लं, घरातून आपापली ताटली आणा, दप्तर बी घ्या. दोन जीपा भरल्या. साहेबांचं ऑफिस उघडायच्या टायमाला आमी त्यांच्या व्हरांड्यात पंगत मांडली. साहेब डब्याची पिशवी घेऊन आले अन् जागीच थबकले.

"ताई, हा काय तमाशा?"

"तमाशा न्हाई. लेकरं आहेतच कुठं, असं तुमी विचारलं होतं न, ही ती लेकरं. आजपासून तुमच्या भरवशावर हायेत. भुकेली हायेत, वाढा."

"मी पोलिसांना बोलवीन!"

"बोलवा. त्यांची बी पंगत धरते."

कारकून खिडक्यांत जमले. साहेबांनी खिशातून फोन काढला, लेकरांकडं बघितलं, पुन्हा खिशात ठेवला. मग पल्लवी ताटली पुढं ठेवून उठली अन् शाळेत गुरुजींपुढं उभं राहतात तशी हात बांधून उभी राहिली.

"साहेब, दुपारचं आमाला शाळेत मिळतं," ती म्हणाली. "सांच्याला किती वाजता यावं?"